मागच्या दाराच्या एक्केचाळीस टेस्ट

सकाळी दहा वाजता आमचा बिल्ड शंभर एरर्स देऊन कोसळला, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ब्रायन माझ्या क्यूबिकलच्या भिंतीवर कोपरं टेकवून उभा होता.

शंभर हा आकडा तसा खरा नव्हता. आमचा कंपायलर शंभर चुका मोजून झाल्या की मोजणं सोडून द्यायचा. पुढे आणखी किती होत्या ते त्यालाच ठाऊक. ब्रायनला मात्र तो आकडा आवडला असावा, कारण त्याने तो तीनदा उच्चारला. मग विचारलं, "कोणाचं चेक-इन?"

शेवटचा बदल सोर्समध्ये कोणी टाकला, ते नाव मी स्क्रीनवर पाहिलं. पाहायची गरज नव्हती. "लोरेन."

"पुन्हा?"

"पुन्हा."

तो नुसती मान हलवून गेला. मला बॉस ओरडलेला परवडतो. मान हलवून गेलेला बॉस नंतर फॉर्म भरतो.

ही गोष्ट २००४ सालच्या हिवाळ्यातली, मिशिगनमधल्या ट्रॉयची. मोटारींच्या कारखान्यांना लागणारी टेस्ट-बेंच आमची कंपनी बनवायची. टेस्ट-बेंच म्हणजे एक मोठं लोखंडी टेबल. गाडीच्या दारात बसणारं कुलूप आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा त्यावर ठेवायची. मग कॉम्प्युटर ते कुलूप लावतो, उघडतो, काच खाली-वर करतो, मध्ये बोट आलं तर काच मागे फिरते का ते बघतो, आणि शेवटी 'पास' किंवा 'फेल' असा निकाल देतो. निकाल देणारं सॉफ्टवेअर आमचं. आम्ही सहा प्रोग्रामर होतो, सगळं जावा नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचो आणि ब्रायन आमचा मॅनेजर होता.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो आणि टीमचा 'बिल्ड इंजिनिअर' होतो. ज्या दिवशी कामं वाटली गेली त्या दिवशी मी भाच्याच्या मुंजीसाठी नाशिकला होतो. त्यामुळे जे काम उरलं ते मला मिळालं. घरी मी याला प्रमोशन म्हटलं होतं.

बिल्ड म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स म्हणतात. ते माणसाला वाचता येतं, मशीनला चालवता येत नाही. कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. मग टेस्ट चालतात. टेस्ट म्हणजे छोटे प्रोग्राम. मुख्य प्रोग्रामला आडवेतिडवे प्रश्न विचारायचे एवढंच त्यांचं काम. समज, मागच्या दाराचा चाइल्ड लॉक लावलाय आणि तरी आतून हँडल ओढल्यावर दार उघडलं, तर तू काय म्हणशील? प्रोग्रामने 'फेल' म्हणायला हवं. 'पास' म्हणाला तर आमचं काहीतरी चुकलंय. हे सगळं एका कोपऱ्यातल्या मशीनवर रोज सकाळी आणि प्रत्येक चेक-इननंतर आपोआप चालायचं. त्या मशीनच्या डोक्यावर ब्रायनने दोन दिवे ठेवले होते, हिरवा आणि लाल. सगळं सुरळीत असलं की हिरवा लागायचा. लाल लागला की सहाच्या सहा जण हातातलं काम सोडून त्यामागे लागायचे.

आणि लोरेन. लोरेन सत्तावन्न वर्षांची होती. सव्वीस वर्षं तिने एका कारखान्यात दारांची इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. तो कारखाना बंद झाला आणि आमच्या कंपनीने तिला कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, कारण दार कुठे कुठे दगा देतं हे तिच्याइतकं आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. तिला जावा येत नव्हती आणि यायची गरजही नव्हती. काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने, हे तिने साध्या इंग्रजीत एकेका शीटवर लिहायचं आणि प्रोग्रामरनी त्यावरून टेस्ट बनवायच्या. ही शीट्स टेस्टच्या शेजारीच ठेवायची, असा गिऱ्हाइकाच्या ऑडिटरचा हट्ट होता.

घोळ इथे होता. लोरेन नोटपॅडमध्ये लिहायची, 'पायरी एक. मागचं डावं दार. चाइल्ड लॉक लावा. आतलं हँडल दोनदा ओढा.' आणि फाइल सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट जावा लावायची. नावाला डॉट जावा दिसलं की बिल्ड टूल ती फाइल कंपायलरच्या पुढ्यात टाकायचं. कंपायलर मोठ्या अपेक्षेने ती उघडायचा, त्याला त्यात दाराचं हँडल भेटायचं, आणि तो शंभर वेळा किंचाळायचा. मग ती फाइल तात्पुरती बाजूला काढून आम्ही बिल्ड पुन्हा चालवायचो.

ती असं का करायची? कारण तिच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी तिला ट्रेनिंग देताना सांगितलं होतं, की टेस्टच्या फोल्डरमध्ये जे जातं त्याचं नाव डॉट जावाने संपलं पाहिजे. कारखान्यातला माणूस सूचना ऐकतो ती पूर्ण ऐकतो. ते ट्रेनिंग मी दिलं होतं. मला ते आठवत होतं. ब्रायनला सांगण्याइतकं आठवत नव्हतं.

नावं बदलून टाकायची, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण तोवर शीट्सची नावं डॉक्युमेंट कंट्रोल नावाच्या खात्यात नोंदली गेली होती. प्रत्येक नाव बदलायला एक फॉर्म, दोन सह्या आणि एक आठवडा लागणार होता. आणि तीन आठवड्यांनी सॉफ्टवेअर कारखान्यात बसवायचं होतं.

जेवणानंतर ब्रायनने मला केबिनमध्ये बोलावलं. लोरेनचा कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतोय, तो म्हणाला. बाई चांगली आहे, पण एक दिवसाआड सहा माणसांना थांबवणाऱ्या व्यक्तीला रिन्यू का करायचं, हे वर कसं सांगू? "तुझ्याकडे काही कारण असेल तर दे."

लोरेन मला आवडायची. बर्फ पडणार असेल तर गाडीचे वायपर काचेवरून उचलून ठेवायचे, हे मला तिने शिकवलं होतं. त्याआधी तीन हिवाळे मी ते काचेपासून उपटत होतो. ती मला 'हनी' म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं, कोणाला हाक मारतेय म्हणून. त्या हिवाळ्यात आमच्या भागातले कारखाने माणसं कमीच करत होते, सत्तावन्न वर्षांच्या इन्स्पेक्टरला कोण घेणार? एकदा बोलता बोलता तिने सांगितलं होतं, की एका ग्रोसरी स्टोअरमध्ये अर्ज टाकून ठेवलाय. कळवतो म्हणालेत. सांगताना सँडविच खात होती, खाणं थांबवलं नाही.

तेव्हा मी ठरवलं, की हे प्रकरण आपणच मिटवायचं.

उपाय सोपा होता. बिल्ड टूलला एका फाइलमध्ये सूचना लिहून देता येतात. अमुक फोल्डर कंपाइल कर, तमुक वगळ. लोरेनची बिल्ड मोडणारी सगळी शीट्स 'शीट्स' नावाच्या फोल्डरमधल्या 'रिअर' नावाच्या फोल्डरमध्ये होती, कारण तिच्याकडे मागच्या दारांचंच काम होतं. मी लिहिलं, 'रिअर वगळ', आणि त्याच्या आधी दोन तारे टाकले. त्या टूलच्या भाषेत दोन तारे म्हणजे 'कुठेही असो'. फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहायचा कंटाळा आला होता. दहा मिनिटांचं काम. बिल्ड चालवला, हिरवा.

ब्रायन स्वतः येऊन "नाइस वर्क" म्हणाला. दुसऱ्या दिवशी लोरेनने माझ्या टेबलावर झुकिनी ब्रेड आणून ठेवला. आमच्या घरी त्याचं नाव दुधीचा केक असं पडलं आणि तो एका बैठकीत संपला.

तो खाताना मी घरी सगळा पराक्रम सांगितला. माझी बायको वैशाली शाळेत गणित शिकवायची. तिला तांत्रिक गोष्टीत रस नसतो, पण शंका असतात.

"बिल्ड ओरडायचा थांबला म्हणजे नक्की काय केलंस?"

"ज्या फाइल्सवर ओरडत होता, त्या त्याला दिसेनाशा केल्या."

"म्हणजे स्मोक डिटेक्टरसारखं."

इथे खुलासा करायला हवा. आमच्या अपार्टमेंटमध्ये फोडणी पडली की स्मोक डिटेक्टर बोंबलायचा, म्हणून मी एकदा त्याची बॅटरी काढून ठेवली होती. चार महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आमची तेरा वर्षांची केतकी केक खाता खाता म्हणाली, "बाबा, दॅट्स लाइक, इल्लीगल." मी दोघींना समजावलं की हे वेगळं आहे. कसं वेगळं आहे ते समजावताना केक संपला, म्हणून विषयही संपला.

पुढचे नऊ कामाचे दिवस दिवा हिरवा होता. ब्रायन शीळ घालत फिरायचा.

दहाव्या दिवशी लोरेन माझ्या क्यूबिकलपाशी आली. हातात तिचा क्लिपबोर्ड होता. कारखान्यातून तिने स्वतःबरोबर आणलेली ही एकच वस्तू. तिथे पाळी सुरू होताना पहिलं काम एकच, डब्यात माल किती आला ते मोजून लिहायचं. इथे माल नव्हता. म्हणून ती रोज सकाळी बिल्ड मशीनपाशी लटकवलेला रिपोर्ट वाचायची आणि किती टेस्ट चालल्या तो आकडा लिहून ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं.

तिने क्लिपबोर्ड माझ्यासमोर धरला. दोनशे बारा, दोनशे बारा, दोनशे बारा. मग एका दिवसापासून एकशे एकाहत्तर, आणि खाली तेच.

"एक्केचाळीस कुठे गेल्या, हनी?"

मी म्हटलं असं होणार नाही, रिपोर्ट छापण्यात काही गडबड असेल. तिला खुर्ची दिली आणि माझ्या मशीनवर सगळ्या टेस्ट चालवून दाखवल्या. दोनशे बारा. सगळ्या पास. आपण मुलांना भुताची सावली म्हणजे दोरीवरचा टॉवेल असतो हे दाखवतो ना, त्याच आवाजात मी तिला म्हटलं, "बघ, आहेत."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग क्लिपबोर्डकडे. "तुझ्या डब्यात दोनशे बारा. कोपऱ्यातल्या डब्यात एकशे एकाहत्तर. आणि कारखान्यात जाणार तो कोपऱ्यातला."

"पण तोही हिरवाच आहे, लोरेन. एकही फेल नाही."

"जो पार्ट तपासलाच नाही तो फेल कसा होईल?"

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पहिल्या दिवशी वाटलं तुम्ही लोकांनीच काढल्या असतील. मग वाटलं, बिल्ड मोडणारी मीच, मी कुठल्या तोंडाने विचारू. पण आकडा परत येईना, आणि पुढच्या आठवड्यात माल जाणार. एवढं बोलून ती उठली. शीट लिहायचं राहिलंय, म्हणाली.

ती गेल्यावर मला घाम फुटायला कॉफीचा अर्धा कप लागला.

कंपायलरने एकदा तयार केलेल्या फाइल्स मशीनवर पडून राहतात, फ्रिजमधल्या परवाच्या भाजीसारख्या. माझ्या मशीनवर त्या एक्केचाळीस टेस्टच्या जुन्या, आधीच कंपाइल झालेल्या प्रती होत्या, आणि इतरांचे नवे बदलही मी दोन आठवडे उतरवून घेतले नव्हते. टूल त्याच गरम करून वाढत होतं. कोपऱ्यातलं मशीन मात्र रोज सकाळी फ्रिज पुसून रिकामा करायचं आणि सगळं ताजं बनवायचं. मी माझा फ्रिज रिकामा केला, सगळ्यांचे ताजे बदल उतरवून घेतले आणि पुन्हा चालवलं. एकशे एकाहत्तर.

हरवलेल्यांची यादी काढली. सगळ्या मागच्या दाराच्या. आमच्या प्रोग्रामरनी त्यांच्या खऱ्याखुऱ्या टेस्टसाठीही एक फोल्डर केलं होतं आणि त्याचंही नाव, साहजिकच, 'रिअर' होतं. मी टूलला सांगून ठेवलं होतं, 'रिअर' दिसलं की वगळ, कुठेही असो. त्याने इमानेइतबारे वगळलं होतं. लोरेनची शीट्सही आणि मागच्या दारांचा सगळा पहाराही.

मी तारे काढले, पूर्ण पत्ता लिहिला. 'शीट्स' एवढंच वगळ, बाकी कशाला हात लावू नकोस. चालवलं. दोनशे बारा टेस्ट चालल्या. दोनशे अकरा पास आणि एक फेल.

फेल झालेली टेस्ट चाइल्ड लॉकची होती. मधल्या दिवसांत आमच्यातल्या एकाने पुढच्या आणि मागच्या दारांचा कोड एकत्र केला होता. पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसतो. ते एकत्र करताना मागच्या दारांची ती तपासणी गळून पडली. चाइल्ड लॉक लावूनही आतून उघडणाऱ्या दाराला आमचं सॉफ्टवेअर 'पास' म्हणत होतं. त्या पोराने बदल करून दिव्याकडे पाहिलं होतं, हिरवा दिसला, आणि तो निश्चिंत झाला होता. मीही तेच केलं असतं. मागच्या सीटवर केतकी कितीतरी वर्षं बसली होती, हे मला त्या क्षणी आठवायला नको होतं, पण आठवलं.

मी बदल चेक-इन केला. कोपऱ्यात लाल दिवा लागला. दोन मिनिटांत ब्रायन आला.

"लोरेन ना?" त्याने नाव बघितलंही नाही. "आता बस झालं. तिचा कॉन्ट्रॅक्ट संपवायचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. आज सही करून टाकतो."

खरं सांगतो, मी आधी स्वतःचा हिशेब केला. माझ्या ग्रीनकार्डचे कागद तेव्हा कंपनीच्या वकिलाकडे होते आणि त्या काळात मी ऑफिसात शिंकतानाही विचार करायचो. टेस्ट परत आणल्या होत्या. बग सापडला होता. तासाभरात दिवा पुन्हा हिरवा झाला असता आणि कोणी काही विचारलं नसतं. फक्त लोरेन गेली असती.

"हे लोरेनचं नाही," मी म्हटलं. "माझं आहे."

"तू बिल्ड मोडलास?"

"आज नाही. गेले नऊ दिवस तो हिरवा दिसत होता, ते माझ्यामुळे."

ब्रायनने कोपरं भिंतीवरून काढली आणि तो खुर्चीत बसला. मी सगळं सांगितलं. तारे, एक्केचाळीस टेस्ट, चाइल्ड लॉक. आणि आता सुरुवात झालीच आहे म्हणून ट्रेनिंगचंही सांगून टाकलं, की डॉट जावा लावायला तिला मीच सांगितलं होतं.

त्याने स्क्रीनवरची फेल झालेली टेस्ट वाचली. मग म्हणाला, "पकडलं कोणी?"

"लोरेनने. ती रोज आकडा लिहून ठेवते."

तो उठून थेट तिच्या टेबलापाशी गेला. मी मागे मागे गेलो, आरोपी म्हणून की साक्षीदार म्हणून ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याने क्लिपबोर्ड मागितला. तिने दिला. सहा महिन्यांचे आकडे, एका ओळीत एक, कॉफीच्या डागांसकट. तो मागची पानं उलटून बघत राहिला.

"हे तू मला कधी दाखवलं नाहीस," तो म्हणाला.

"तू मला फक्त लाल दिव्याबद्दल विचारायला यायचास," लोरेन म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दार तपासून झाल्यावर शेरा लिहावा तशी बोलली.

चाइल्ड लॉकचा कोड त्याच दुपारी दुरुस्त झाला. सॉफ्टवेअर ठरल्या दिवशी कारखान्यात बसलं आणि दोनशे बारा टेस्ट पास होऊनच बसलं. ब्रायनने टेबलावरच्या त्या फॉर्मचं काय केलं मला माहीत नाही. लोरेनला सहा महिन्यांचा नवा कॉन्ट्रॅक्ट मिळाला, आणि मग आणखी एक. परमनंट मात्र तिला कधीच केलं नाही. तिने अपेक्षाही केली नव्हती, असं ती म्हणायची. मला ते खरं वाटलं नाही.

नवीन शीट्सना आम्ही डॉट टेक्स्ट अशी नावं दिली. जुन्यांची तशीच राहिली, अजूनही असतील. टेस्टचा आकडा आदल्या दिवसापेक्षा कमी झाला तर बिल्डने लाल दिवा लावायचा, असा नियम मी टूलमध्ये घातला. त्याला अर्धा दिवस लागला. लोरेनने तरीही क्लिपबोर्ड सोडला नाही. तुझा नियम बरोबर मोजतोय का ते कोण बघणार, म्हणाली.

माझ्या वार्षिक रिव्ह्यूमध्ये ब्रायनने लिहिलं, 'दिलीपने अडचणी थोड्या आधी सांगायला शिकावं,' आणि पाचापैकी तीन दिले. मी वाद घातला नाही. वैशालीच्या मते एक जास्तच दिला होता.

हे वाचून कोणाला उपयोग होणार असेल तर एवढाच. हिरवा दिवा सांगतो की जेवढ्या तपासल्या तेवढ्या पास झाल्या. किती तपासल्या, हे विचारायला एक माणूस ठेवावा लागतो, आणि त्या माणसाचा कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपवू नये.